सुट्या कार्ट्रिजांची नोंदवही

वस्तूंची किंमत आपण त्यांच्या उपयोगावरून करतों, परंतु त्यांची निगा मात्र त्यांच्या प्रतिष्ठेवरून राखतों. जमिनीचे कागद, दागिने, ग्रंथ यांस कुलुपाचें कपाट मिळतें. खेळण्यांस माळा मिळतो, आणि माळ्यावरून पुढें भंगारवाल्याची हातगाडी. ज्या वस्तूंविषयीं आम्ही येथें लिहूं इच्छितों त्या खेळण्यांच्याच जातींतील आहेत. त्या म्हणजे व्हिडिओ गेमचीं सुटीं कार्ट्रिजें. मुलांस खेळापासून आवरावयाचें सोडून शिक्षकच हा विषय काढतात, हें पाहून कित्येक पालक भुंवया चढवितील. त्यांस आमची एवढीच विनंति आहे, कीं लेख शेवटपर्यंत वाचावा. यांत खेळण्याची गोष्ट थोडी असून ठेवण्याची फार आहे.

कार्ट्रिज हा शब्द परका वाटला, तरी त्याचा एक भाऊबंद मराठींत फार दिवसांपासून नांदत आहे. पोर्तुगीजांपासून आपण घेतलेलें ‘काडतूस’ हें त्याच कुळांतील. बंदुकींत काडतूस भरावें तसें खेळाच्या यंत्रांत कार्ट्रिज भरावयाचें. मात्र यांत दारूऐवजीं खेळ भरलेला असतो. घरगुती खेळाच्या पहिल्या यंत्रांत कारखान्यांत जे खेळ बसविले असतील तेवढेच खेळतां येत. १९७६ सालीं अमेरिकेंतील फेअरचाइल्ड कंपनीनें ‘चॅनेल एफ्’ नांवाचें यंत्र विकावयास काढलें. जेरी लॉसन हे त्या कामाचे प्रमुख अभियंते होते. खेळाची चिप वेगळ्या डबींत घालून ती हवी तेव्हां बदलण्याची सोय त्या यंत्रापासून झाली. पुढच्याच वर्षीं अटारी कंपनीचें यंत्र आलें. १९८३ च्या जुलै महिन्यांत जपानांत निन्टेंडो कंपनीचें ‘फॅमिकॉम’ निघालें, आणि १९८५ सालीं त्याचेंच अमेरिकन रूप ‘एन्. ई. एस्.’ विक्रीस आलें. डबी उघडून पाहिली तर आंत एक हिरवी पाटी, तिच्यावर मोजक्या चिपा, आणि खालच्या कांठावर धातूच्या बारीक पट्ट्यांची रांग, एवढाच संसार. फॅमिकॉमच्या कार्ट्रिजास अशा ६० पट्ट्या असतात व एन्. ई. एस्. च्या कार्ट्रिजास ७२; म्हणून एका यंत्राचें दुसऱ्यांत बसत नाहीं.

आपल्याकडे हीं अस्सल यंत्रें फारशीं आलीं नाहींत. १९९० नंतरच्या दशकांत फॅमिकॉमच्या नकला ‘टी. व्ही. गेम’ या नांवानें विकल्या जाऊं लागल्या. त्यांतील पिवळ्या डबीस आम्ही मुलें ‘कॅसेट’ म्हणत असूं. तिच्यावर ‘९९९९ इन वन’ असा भरघोस आंकडा छापलेला असे. प्रत्यक्षांत तेच थोडे खेळ नांवें बदलून फिरून फिरून येत. आमच्या घरीं १९९३ च्या नाताळांत असें एक यंत्र आलें, आणि आमच्या धाकट्या भावास त्याचें जें वेड लागलें तें जन्मभर टिकलें.

पुढें तो मालवाहू जहाजांवर इंजिनिअर झाला. योकोहामा, लॉस एंजेलिस अशा बंदरांत उतरला, कीं जुन्या वस्तूंच्या दुकानांतून तो कार्ट्रिजें विकत घेई. जहाजावरच्या खोलींत जागा थोडी, सामानाचें वजन ठरलेलें. म्हणून पुठ्ठ्याचा खोका व माहितीपुस्तिका यांसह मिळणारें महाग कार्ट्रिज तो घेत नसे. सुटें, म्हणजे नुसती डबी, तेवढी उचली. २०२१ सालीं तो आम्हां सर्वांस सोडून गेला. कांहीं महिन्यांनीं भावजयीनें त्याची पत्र्याची ट्रंक व त्याचीं यंत्रें आमच्या स्वाधीन केलीं. ट्रंकेंत ११२ कार्ट्रिजें होतीं: फॅमिकॉमचीं ४१, एन्. ई. एस्. चीं ३८, गेम बॉयचीं २४ आणि निन्टेंडो ६४ चीं ९. आमचा पुतण्या तेव्हां दहा वर्षांचा होता. “काका, यांतलीं बाबांच्या आवडीचीं कोणतीं?” असें त्यानें विचारलें. आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. त्या प्रश्नापासून हें काम सुरू झालें.

सुट्या कार्ट्रिजाची मुख्य अडचण अशी, कीं त्याला स्वतःची हकीकत पुरती सांगतां येत नाहीं. खोका व पुस्तिका गेली, कीं उरते ती डबीवरची एक चिठ्ठी, आणि तीहि कित्येकदां फाटलेली. एन्. ई. एस्. च्या कार्ट्रिजाची चिठ्ठी माथ्यावर वळलेली असल्यामुळें तें पुस्तकाप्रमाणें फळीवर लावलें तरी नांव वाचतां येतें. निन्टेंडो ६४ व गेम बॉय यांच्या डब्यांवर नांव केवळ दर्शनी बाजूस असतें. एकावर एक रचल्या, कीं सर्व सारख्याच. फॅमिकॉमच्या डब्या रंगीबेरंगी व दिसावयास सुंदर. परंतु त्यांवरील जपानी अक्षरें आमच्या घरांत कोणासच वाचतां येत नव्हतीं. मोबाइलवरील भाषांतराच्या सोयीनें तीं नांवें एकेक करून लावावीं लागलीं.

ट्रंक उघडल्यावर, फडकें हातीं घेण्यापूर्वीं, आम्ही प्रत्येक डबी उलटून पाहिली. बऱ्याच डब्यांच्या पाठीवर भावाच्या अक्षरांत शाईनें कांहींतरी लिहिलेलें होतें: ‘योकोहामा, २००७’, एकीवर येनमधील किंमत, दुसरीवर, ‘पावसांत दुकान सांपडलें’. संग्राहकांच्या बाजारांत असें लिखाण हा दोष समजला जातो, व कित्येक जण तें स्पिरिटनें पुसून काढतात. आमच्या दृष्टीनें त्या ट्रंकेंतील सर्वांत मोलाची वस्तु तीच होती. म्हणून आम्ही नियम केला, कीं आधीं लिहावें, मग पुसावें. ट्रंकेंतील थर जसेच्या तसे असतांना त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. मग शाळेच्या ग्रंथालयांत असते तशी एक दाखल-नोंदवही आंखली. त्यांत अनुक्रमांक, खेळाचें नांव, यंत्र, पाठीवरील मजकूर, डबीची स्थिति, आणि शेवटीं ‘शेरा’ असे रकाने ठेवले. अनुक्रमांक डबीवर चिकटविला नाहीं. पेन्सिलीनें कागदाच्या कपट्यावर लिहून तो डबीसह पिशवींत घातला. डिंक व चिकटपट्टी यांनीं जुन्या चिठ्ठीचा जेवढा नाश होतो तेवढा धुळीनें होत नाहीं.

मग स्वच्छता. कार्ट्रिज चाललें नाहीं, कीं त्यांत फुंकर मारावयाची, हा जगांतील सर्व मुलांचा शिरस्ता आहे. तें पुष्कळदां पुन्हां चालूं लागतें हें खरें. परंतु त्याचें श्रेय फुंकरीस नसून, काढून पुन्हां बसविल्यामुळें पट्ट्यांचा स्पर्श नीट होतो, त्यास आहे. फुंकरीबरोबर ओलावा जातो व कालांतरानें धातू गंजतो. निन्टेंडो कंपनीनेंहि फुंकर न मारण्याविषयीं सूचना छापली होती. आम्ही कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन पट्ट्या पुसल्या, कोरड्या काडीनें पुन्हां पुसल्या, आणि अर्धा तास तशाच राहूं दिल्या. काडी काळी निघाली, कीं पुतण्यास मोठा आनंद होई.

ठेवण्याच्या बाबतींत कोंकणपट्टींतील माणसाचे शत्रु तीन: दमट हवा, ऊन आणि घरगुती शहाणपण. उन्हानें व उष्णतेनें करडें प्लॅस्टिक पिवळें पडतें. दमट हवेकरितां झांकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या व दर पावसाळ्यापूर्वीं त्या बदलाव्या. घरगुती शहाणपण म्हणजे कपड्यांत ठेवतों म्हणून येथेंहि डांबराच्या गोळ्या ठेवणें. त्यांच्या वाफेनें कांहीं जातींचें प्लॅस्टिक मऊ पडून खराब होतें. रबरबँडनें गठ्ठे बांधूं नयेत, कारण रबर जुनें झालें कीं चिकटतें, व त्यांतील गंधकानें धातू काळा पडतो. मऊ पी. व्ही. सी. च्या पिशव्या कालांतरानें तेलकट होतात. त्याहून साधी पॉलिथिनची पिशवी बरी. कपाट बाहेरच्या भिंतीस टेंकून नसावें.

आतां क्रमाचा प्रश्न. येथें घरांत तीन पक्ष झाले. आमचें म्हणणें, प्रथम यंत्रावार व मग वर्णानुक्रमें लावावीं, म्हणजे ग्रंथालयाप्रमाणें चटकन् सांपडतील. पुतण्याचें म्हणणें, ज्यांत मजा जास्त तीं हाताशीं असावींत. भावजय इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, “दादा, हीं बंदराबंदरांप्रमाणें लावा. कोणत्या सालीं हे कोठें होते, तें मला त्यावरून कळेल.” तिघांचेंहि खरें होतें. परंतु वस्तु एका वेळीं एकाच जागीं राहूं शकते, व कपाट एकच होतें.

यावर तोडगा नोंदवहीनें काढला. कपाटांत डब्या यंत्रावार लावल्या, कारण आकार निराळे असल्यामुळें तसेंच कप्पे करणें सोयीचें होतें. एन्. ई. एस्. चीं उभीं, माथा बाहेर करून. गेम बॉयचीं उथळ खणांत उताणीं, म्हणजे खण ओढला कीं सर्व नांवें दिसतात. नोंदवहीच्या मागच्या पानांवर मात्र दोन याद्या आणखी केल्या. एक बंदरांची, साल लावून. ती भावजयीनें स्वतःच्या हातानें लिहिली. दुसरी पुतण्याची, ती दर महिन्यास बदलते आणि तींत खाडाखोड फार आहे. वस्तूंचा क्रम एकच असला, तरी त्यांच्या आठवणींचे क्रम कागदावर हवे तितके राहूं शकतात.

‘शेरा’ ह्या रकान्याचें महत्त्व एका सोनेरी कार्ट्रिजानें शिकविलें. तें ‘द लेजंड ऑफ झेल्डा’. अमेरिकेंत १९८७ सालीं निघालेलें. चिपेंतील मूळ खेळास विजेचा आधार लागत नाहीं. परंतु खेळणाराची प्रगति ज्या चिपेंत राहते तिला सतत थोडी वीज लागते. ती डबींतील नाण्याएवढ्या, तीन व्होल्टच्या लिथियम बॅटरींतून येते. बॅटरी संपली, कीं प्रगति पुसली जाते. ह्या खेळांत तीन जणांचीं नांवें नोंदतां येतात, व प्रत्येक नांवाशीं एक आंकडा दिसतो: खेळांत त्यास किती वेळां मरण आलें याचा. आम्ही यंत्र लावलें तेव्हां बॅटरी अद्याप जिवंत होती. पहिलें नांव भावाचें, आंकडा ८७. दुसरें भावजयीचें, आंकडा ४. तिसरें पुतण्याचें, आंकडा शून्य. पाठीवर ‘लॉस एंजेलिस, २०१३’ असें होतें. म्हणजे पुतण्या दोन वर्षांचा असतांना बापानें त्याची जागा राखून ठेविली होती.

जुनी बॅटरी कोणत्या दिवशीं दगा देईल याचा नेम नव्हता, आणि ती काढून नवी लावावी तर त्याच क्षणीं तिन्ही नांवें जाणार. आमचा एक माजी विद्यार्थी मोबाइल व संगणक दुरुस्तीचें काम करतो. त्यानें आधीं एका लहान यंत्राच्या साहाय्यानें त्या चिपेंतील मजकूर संगणकावर उतरून घेतला, दोन ठिकाणीं प्रती ठेवल्या, मग बॅटरी बदलली व मजकूर परत चिपेंत भरला. तेवढा तासभर भावजय त्याच्या दुकानाच्या बांकावर बसून होती. पडद्यावर तिन्ही नांवें पुन्हां उमटलीं तेव्हां ती कांहीं बोलली नाहीं. फक्त नोंदवही मागून घेतली, व शेऱ्यांत तारीख घालून लिहिलें: ‘बॅटरी नवी. नांवें तिन्ही आहेत.’ पुतण्याच्या नांवापुढील शून्य आतां राहिलेलें नाहीं. गेल्या सुटींत तो आंकडा ३१ वर गेला, आणि बापाला गांठावयास अजून अवकाश आहे असें तो अभिमानानें सांगतो.

असो. विद्यार्थी मित्रांनो, नीटनेटकेपणा ही आपल्या सोयीची गोष्ट आहे असें आपण समजतों. आपल्या सोयीकरितां तो फारसा लागत नाहीं. आपली वस्तु आपणांस अंधारांतहि सांपडते. आपण तेथें नसतांना दुसऱ्यास ती सांपडावी व ओळखूं यावी, याकरितां तो लागतो. आमच्या भावानें ट्रंक नीट लाविली नव्हती, पण डब्यांच्या पाठीवर दोन-दोन शब्द लिहून ठेवण्याचा कंटाळा केला नाहीं. तेवढ्यावर सारें उभें राहिलें. तुमच्या घरीं कार्ट्रिजें नसतील. जुनीं छायाचित्रें तर असतील? तीं ह्या सुटींत काढा, आणि त्यांतील माणसें ओळखणारें वडीलधारें माणूस घरांत आहे तोंवर, त्याला शेजारीं बसवून, प्रत्येकाच्या पाठीमागें पेन्सिलीनें नांवें लिहा. पुसावयाचें काम मागाहून केलें तरी चालेल.