मामांचा पुरावा

मी नोकरीने कारकून. लोकांचे अर्ज भरून देणे हे माझे सुटीच्या दिवशीचे काम. निराधार योजनेचा असो, शिष्यवृत्तीचा असो, नाहीतर रेशनकार्डात सुनेचे नाव घालायचे असो, ओझरच्या आमच्या वस्तीत रविवारी सकाळी कोणी ना कोणी कागदांची पिशवी घेऊन दारात उभे असतेच. अशाच एका रविवारी माझे सख्खे मामा आले. वय 65. पिशवीत आधारकार्ड, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला. म्हणाले, "कलावंतांना सरकार मानधन देतं म्हणं. आपलाबी अर्ज भर."

मी अर्ज पुढे ओढला. नाव, पत्ता, जन्मतारीख. कलाप्रकार – तमाशा. वाद्य – ढोलकी. किती वर्षे? "बेचाळीस," मामा म्हणाले. आणि पुढे सवयीने माझ्या तोंडून गेले, "पुरावा काय आहे?"

मामा माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "पुरावा कसला आणू? ज्या मालकांकडं वाजवलं त्यातले दोघं वारले. एक फड मोडला." चहा अर्धा ठेवून ते उठून गेले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. कारण मामांचा पुरावा पुसणाऱ्यांत मीही एक होतो. ते पुढे सांगतो.

आमच्या ओझरहून नारायणगाव जेमतेम आठ-दहा किलोमीटर. त्याला तमाशाची पंढरी म्हणतात. यात्रांचा हंगाम आला की पुणे-नाशिक रस्त्याला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, मालकाशी बोलतात, सुपारी ठरते. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथलाच. भाऊंची कन्या विठाबाई. वग चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली ही बाई साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळूनही तिचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. 15 जानेवारी 2002 रोजी ती गेली. 2006 पासून शासन तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. मरणानंतरचा मान आपल्याकडे स्वस्त असतो.

मामा 1978 साली अठराव्या वर्षी फडात गेले. आजोबांनी सांगितले, "ढोलकी घेऊन या घरात यायचं नाही." आजोबांचे चुकले असे मी म्हणणार नाही. 1956 नंतर त्यांनी गावकीची सगळी कामे सोडली होती. बोलावले की जायचे, वाजव म्हटले की वाजवायचे, आणि पदरात पडेल ते घ्यायचे, हे त्यांनी भोगले होते. ढोलकी दिसली की त्यांना ते दिवस दिसत. पण भीमराव कर्डकांनी जलशातून हीच वाद्ये गावोगाव नेली आणि माणसे जागी केली. वामनदादा कर्डकांचेही आयुष्य गावोगाव गात फिरण्यातच गेले. दोष वाद्याचा नव्हता. तेव्हापासून मामींनी ओझरला आमच्या शेजारी खोली घेतली.

तमाशाचा हंगाम विजयादशमीला सुरू होतो आणि बुद्ध पौर्णिमेला संपतो. म्हणजे आमच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिनाची खीर शिजत असे, तेव्हा मामा पेटी भरून निघत. 14 एप्रिलला ते कुठल्या तरी यात्रेत असत. बुद्ध पौर्णिमेच्या मागेपुढे एक दिवस पहाटे परत येत आणि दोन दिवस नुसते झोपत. पावसाळाभर मजुरी करत.

1993 साली परीक्षा झाल्यावर मी हट्टाने आठ दिवस त्यांच्याबरोबर गेलो. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसे. बोर्डाच्या फळ्या, खांब, कनाती, पडदे, जनरेटर, सगळे ट्रकवर. रात्री आधी ढोलकी आणि हलगी बोर्डावर येत. हलगीवाला जाळावर हलगी तापवून घेई, मामा ढोलकीच्या कड्या सरकवून सूर लावत. मग दोघांची जुगलबंदी. दहा हजार माणूस चिडीचूप बसे. मग गण, गवळण, बतावणी, आणि मध्यरात्रीनंतर वग. वग संपायला तांबडे फुटे. यात्रेची सुपारी असली तर थोडी डुलकी घेऊन पुन्हा सकाळची हजेरी द्यायची. ती झाली की फळ्या उतरवायच्या, ट्रक भरायचा आणि साठ-सत्तर किलोमीटरवरच्या पुढच्या गावाला निघायचे. झोप ट्रकात, सामानावर बसून. मामांच्या बोटांना चिरा पडत. ते त्यांत मेण भरून पुन्हा वाजवायला बसत.

एक गोष्ट मी विसरलो नाही. एका गावात, नाव सांगत नाही, रात्री मामांच्या ढोलकीवर लोकांनी नोटा उधळल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि मामा पाणी मागायला एका दारात गेलो. घरच्या बाईने आधी विचारले, "तमाशातले का?" आणि वरून ओंजळीत पाणी ओतले. मामा पाणी पिऊन निमूट निघाले. वाटेत म्हणाले, "रात्री आपण कलाकार, दिवसा आपण जात."

पुढे कॉलेजात असताना अमेरिकेतल्या जाझ वादकांविषयी वाचनात आले. ड्यूक एलिंग्टन हा जगभर गाजलेला काळा संगीतकार. पण 1930 च्या दशकात दक्षिणेकडच्या राज्यांत दौरा असला की त्याचा वाद्यवृंद रेल्वेचे खास डबे भाड्याने घेई. तिथेच जेवण, तिथेच झोप, कारण रात्री टाळ्या वाजवणाऱ्या गावात काळ्या माणसाला हॉटेलात खोली मिळत नसे. कुठे थांबता येईल हे सांगणारे ग्रीन बुक नावाचे पुस्तक 1936 पासून काळ्या प्रवाशांसाठी निघत होते. वाचताना मला तो पाण्याचा तांब्या आठवला. फिरत्या वादकाचे दुःख सगळीकडे सारखेच. फरक एवढाच, की तिथे वादकांची संघटना 1896 सालीच उभी राहिली. करार, मजुरीचा दर, सगळे कागदावर आले.

आपल्याकडे कागदाऐवजी उचल. हंगामाआधी मालक कलावंताला उचल देतो, ती पगारातून वळती होते. मालक स्वतः सावकाराकडून व्याजाने पैसा आणतो. यात्रा पावसाने मोडली, बारी बुडाली की मालक बुडतो आणि कलावंताची उचल पुढच्या वर्षावर जाते. मी बी.कॉम. झालो तेव्हा मामांना जमाखर्च लिहून दाखवला होता. बेरीज बघून म्हणाले, "म्हंजे मी आत्ताच पुढच्या दसऱ्याचा खाल्लाय." मालकालाच सगळा दोष देता येत नाही. पण सोसणारा शेवटी वाजवणाराच.

नंतर दिवस आणखी फिरले. फडात ऑक्टोपॅड आला, सिनेमाची गाणी आली, ढोलकीची बारी आखडली. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या कर्ण्यावर बंदी आली. काही दिवसांना बारापर्यंत सवलत मिळते, पण पहाटेपर्यंतचा वग गेला. आणि 25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी सुरू झाली. तो नेमका गुढीपाडवा होता, सुपाऱ्यांचा मोठा दिवस. त्या वर्षी मामा परत आले ते कायमचेच.

आता माझे सांगतो. शाळेत असताना मामा काय करतात असे कोणी विचारले की मी सांगे, "ड्रायव्हर आहेत." ढोलकीवाला म्हणायची मला लाज वाटे. कॉलेजात होतो तेव्हा मामांनी फडाच्या जाहिरातीचा एक कागद आणून दाखवला होता. त्यावर वादकांत त्यांचे नाव छापलेले होते. मित्र घरी येणार म्हणून मी तो चुलीत घातला. आज तो असता तर पुराव्याला लागला असता.

मामा उठून गेले त्या संध्याकाळी मी आईला सगळे सांगितले. ती काही न बोलता आत गेली आणि बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. मामींना सही येत नव्हती, म्हणून मामांच्या मनिऑर्डरी आईच्या नावावर येत. पैसे मामींना द्यायचे आणि कूपन डब्यात टाकायचे, असे आईने 1981 पासून 2004 पर्यंत केले होते. प्रत्येकावर टपालाचा शिक्का आणि तारीख. सांगोला, म्हसवड, विटा, फलटण. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात फडाचे नाव आणि खाली मामांच्या हातचे दोन शब्द: "काल बारी चांगली झाली. पोरांना वह्या घ्या."

मी आईला विचारले, "तू हे का ठेवलंस?"

"माझा भाऊ कुठं कुठं फिरला ते नको का कळायला?"

दोन रात्री बसून मी ती कूपने सालवार लावली. चोवीस हंगाम निघाले. योजनेला पंधरा वर्षांचे योगदान लागते. दोन जुन्या साथीदारांची पत्रे जोडली आणि अर्ज दिला. 2024 पासून हे मानधन महिना 5,000 रुपये आहे. एका जिल्ह्यातून वर्षाला शंभरच नावे घेतात, त्यामुळे मामांचा नंबर कधी लागेल ते बघायचे.

वाचकहो, आपल्या घराघरांत असे कोणी ना कोणी आहे. कोणी हलगी वाजवली, कोणी बेंजो, कोणी भीमगीतांच्या पार्टीत कोरसला उभे राहिले. जाहिरात, पावती, फोटो, निमंत्रणपत्रिका, जे असेल ते जपून ठेवा. त्यावर साल आणि गाव लिहा. पन्नाशी झाली की अर्ज करा. कला ही मजुरीच आहे, आणि मजुरीचा हिशेब मागण्यात लाज कसली?

माझ्या मुलाने परवा शाळेत मामाआजोबांवर निबंध लिहिला. पहिलेच वाक्य होते, माझे मामाआजोबा ढोलकीवादक आहेत. मी तो मामांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हाबी जोड अर्जाला."