कोरा रकाना

शालान्त परीक्षेतील आजवरच्या पहिल्या दहा गुणवंतांची यादी या स्मरणिकेत द्यावी, असे ठरले. जुनी निकालपत्रके व प्रवेशनोंदी आम्ही सुट्टीभर संगणकावर चढविल्या. यादी काढावयास आमचा एक माजी विद्यार्थी बसला. तो आज संगणक अभियंता आहे.

त्याने प्रथम केवळ 'लिमिट १०' लिहून दाखविले. दहा नावे प्रवेशाच्या क्रमाने आली, म्हणून आम्ही समाधान पावलो. तो हसला. "सर, क्रम मागितला नाही तर कोणतेही दहा येतील. आज हे आले, उद्या दुसरे." १९७० साली एडगर कॉड यांनी डेटाबेसची जी मांडणी केली, तिच्यात तक्त्यातील ओळींना मुळात क्रमच नसतो, तो मागणाऱ्याने लावावयाचा. जन्मजात उतरंड नसलेला तक्ता! आम्हांस हे ऐकून बरे वाटले, हे लपवीत नाही.

मग त्याने 'ऑर्डर बाय' लिहून गुणांचा उतरता क्रम मागितला आणि आम्ही चक्रावलो. दहाही नावांपुढे गुणांचा रकाना कोरा! पोस्टग्रेस या प्रणालीत कोरी नोंद, म्हणजे 'नल', सर्वांत मोठी धरतात; उतरत्या क्रमात ती अग्रभागी येते. 'नल्स लास्ट' हे दोन शब्द लिहिताच ती नावे तळाशी गेली आणि 'लिमिट'मुळे दिसेनाशी झाली.

पुढे एका नोंदीतील शुद्धलेखन सुधारले, तर दहाव्या स्थानी दुसरीच मुलगी आली. दोघींचे गुण समान होते, आणि समानांत कोणास आधी घ्यावे हे आम्ही सांगितले नव्हते. अकारविल्हे लावा, असे आम्ही सुचविले. "म्हणजे आडनावावरून डावलायचे, सर?" आम्ही निरुत्तर झालो. अखेर 'लिमिट' काढून त्याने 'फेच फर्स्ट' आणि 'विथ टाइज' लिहिले. शेवटच्या स्थानाशी बरोबरी करणारे सारे आत आले. पानावर आता अकरा छायाचित्रे आहेत. मुद्रक थोडे कुरकुरले.

कोऱ्या रकान्यांची रुखरुख मात्र जाईना. तेवढ्याच नोंदी, प्रवेशवर्षाच्या क्रमाने, मर्यादा न घालता काढून दे, असे आम्ही त्यास सांगितले. बहुतेकांनी परीक्षेपूर्वीच शाळा सोडली होती. पहिलेच नाव आम्हांस आठवले: दिवाळीनंतर आईवडिलांसह ऊसतोडीला गेलेला मुलगा. त्याची पेटी वसतिगृहात दोन वर्षे तशीच होती. ती यादी पुढील पानापासून छापली आहे. कोणाचा ठावठिकाणा ठाऊक असल्यास वाचकांनी अवश्य कळवावा.