शोकगीतातला ‘मी’

शोकाची कविता गायली जाऊ लागली की तिच्यातील ‘मी’ कोणाचा उरतो, हा प्रश्न भावकवितेच्या चर्चेत सहसा उपस्थित होत नाही. आत्मनिष्ठा हा भावकवितेचा प्राण मानला, की तो ‘मी’ कवीचाच असे गृहीत धरले जाते. गुस्ताव मालरची ‘किंडरटोटनलीडर’ अर्थात ‘मृत बालकांची गीते’ ही गीतमाला आणि समर्थ रामदासांची करुणाष्टके शेजारी ठेवली, तर हे गृहीतक डळमळते.

फ्रीडरिश रूकर्ट या जर्मन कवीची दोन मुले 1833-34च्या हिवाळ्यात काही दिवसांच्या अंतराने गेली. त्या दुःखातून त्याने चारशेहून अधिक कविता लिहिल्या. त्यांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर निघाला. मालरने त्यांतील पाच 1901 ते 1904 या काळात संगीतबद्ध केल्या. आरंभ केला तेव्हा तो अविवाहित होता. त्याची थोरली मुलगी गेली ती 1907मध्ये. बापाच्या शोकाला पहिला स्वर दिला तो बाप नसलेल्याने. तिसऱ्या गीतात आई दिवा घेऊन दारातून येते. पित्याची नजर मात्र तिच्या मुखाकडे न जाता, उंबरठ्याजवळ जिथे लेकीचा चेहरा दिसायचा त्या रिकाम्या जागेवर पडते. आई काहीच बोलत नाही.

अशीच एक अबोल आई जालना जिल्ह्यातील जांब या गावी आहे. 1608 साली येथे जन्मलेला नारायण बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून गेला आणि चोवीस वर्षांनी परतला. तोवर राणूबाईंची दृष्टी गेली होती, असे चरित्रपरंपरा सांगते. करुणाष्टके आहेत ती निघून गेलेल्या मुलाची. त्यांतला वियोग मृत्यूचा नव्हे, रामाचा. पुष्कळशी मालिनी वृत्तात आहेत: आरंभी सहा लघू अक्षरांची धाप, आणि मग गुरूंवर जडावत जाणारा स्वर. ज्या घरातून मूल हरवले, त्या घरातल्या आईची मात्र एकही रचना आपल्यापर्यंत आलेली नाही.

पण संहितेने नाकारलेली जागा गायनाने दिली आहे. तिन्हीसांजेला देवापुढे करुणाष्टके म्हणणाऱ्या बायका त्यांतली पुल्लिंगी क्रियापदे बदलत नाहीत. शब्द मुलाचे राहतात, कंठ आईचा असतो. मालरची गीते 1905मध्ये व्हिएन्नात प्रथम गायली ती पुरुषाने. 1949मध्ये कॅथलीन फेरियरने ती ध्वनिमुद्रित केली, तेव्हा दिवा घेऊन येणाऱ्या आईकडे पाहणाऱ्या पित्याचे शब्द एका स्त्रीच्या कंठातून आले.

म्हणून शोकगीतातला ‘मी’ ही कवीची मालमत्ता नव्हे; ती दुसऱ्याच्या दुःखासाठी मोकळी राहिलेली जागा आहे. केवळ छापील संहिता वाचणाऱ्या समीक्षेला राणूबाई मुकीच दिसणार. तिला ऐकायचे, तर कविता कोणी लिहिली याबरोबरच ती कोण म्हणते आहे, हेही विचारावे लागेल.