उचललेला पाय

पहिला चेंडू टाकायच्या आधीच त्या मुलानं मला विचारलं, ‘सर, पाय खाली ठेवून मारू का?’

काळजात चर्र झालं. मी त्याला अजून खेळताना पाहिलंही नव्हतं. म्हणजे हे वाक्य त्याच्या तोंडी कुणीतरी आधीच घातलं होतं.

लोणी काळभोरच्या त्या मैदानाच्या एका अंगाला ऊस उभा होता आणि दुसऱ्या अंगानं सोलापूर रस्त्यावरच्या टँकरांची घरघर ऐकू येत होती. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. बेसबॉलच्या निवड चाचणीला या चौदा वर्षांच्या मुलाला पाठवावं की नाही, एवढंच मी सांगायचं होतं. ‘नजर चांगली आहे, मनगट चांगलं आहे. पण तो पाय... तुम्हीच बघा,’ असं ते फोनवर म्हणाले होते.

‘रोज मारतोस तसं मार,’ मी म्हणालो.

बेसबॉलमध्ये बॅट खांद्यामागे उभी धरतात. याची बॅट पोटाजवळ, जवळजवळ आडवी. चेंडू टाकणाऱ्यानं अंग वळवलं की याचा पुढचा पाय वर यायचा, गुडघा कमरेपर्यंत. क्षणभर तो एका पायावर उभा. मग पाऊल जमिनीवर पडायचं आणि त्याच ठेक्यात कंबर फिरून बॅट यायची. पाचव्या चेंडूला माझ्या लक्षात आलं की हा ठेका मी ऐकलेला आहे. शिक्षकांना विचारलं तर म्हणाले, शाळेच्या लेझीम पथकात तो सगळ्यात पुढे असतो. तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की लोणीला मुक्कामाला येते. या गावातलं पोर चालायला लागल्यापासून पावली बघत असतं. पाय उचलायचा, तोलायचा आणि टाळाच्या घावाला टेकवायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. ते त्याच्या अंगातच आहे.

पण लेझमीत हलगीचा ठेका ठरलेला असतो. चेंडू टाकणारा ठरलेल्या ठेक्यावर टाकत नाही. ठेका मोडणं हेच त्याचं काम.

म्हणून पाय खाली ठेवायला सांगणारे लोक मूर्ख नाहीत. बेसबॉलमध्ये टाकणारा आणि मारणारा यांच्यात साठ फूट सहा इंच, म्हणजे 18.44 मीटर अंतर असतं. ताशी 145 किलोमीटर वेगाचा चेंडू ते साधारण 0.4 सेकंदात कापतो. क्रिकेटमध्ये चेंडू बहुतेक वेळा टप्पा घेऊन येतो, बॅटला सपाट तोंड असतं आणि नको असलेला चेंडू सोडूनही देता येतो. इथं बॅट गोल, चेंडूही गोल. मोठ्यांच्या सामन्यातली बॅट सर्वांत जाड भागातही साडेसहा सेंटिमीटरच्या आसपासच भरते. तीन स्ट्राइक झाले की माणूस बाद. एवढ्या थोड्या वेळात एक पाय हवेत असेल तर तोल जातो. त्याहून वाईट म्हणजे डोकं वरखाली होतं, आणि डोकं हललं की डोळ्यांपुढचा चेंडूही हलतो. शिकवणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो पाय बांधतो.

मला मात्र अशा वेळी विजय हजारे आठवतात. सांगलीचा हा माणूस बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये धरून उभा राहायचा. बघणाऱ्याला ते अवघडलेलं वाटायचं. 1939-40च्या हंगामात इथंच, पुण्यात, महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद 316 धावा केल्या. रणजी करंडकातलं ते पहिलं त्रिशतक. 1948च्या जानेवारीत ॲडलेडला, ब्रॅडमनच्या संघापुढे, लिंडवॉल आणि मिलरच्या माऱ्यावर त्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली : 116 आणि 145. उभं राहणं तेच होतं. चेंडू बॅटवर येण्याच्या क्षणी मात्र बॅट जिथं असायला हवी तिथं असायची.

सचिन तेंडुलकरचं तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. त्याची पकड दांड्याच्या खालच्या टोकाला. लहानपणी थोरल्या भावाची जड बॅट उचलायची तर तशीच धरावी लागे. काही प्रशिक्षकांनी खालचा हात वर सरकवायला सुचवलं. त्यानं करून पाहिलं, पण बॅट आपली वाटेना, म्हणून पुन्हा जुन्या पकडीवर आला. याच मुलाची 1984च्या उन्हाळ्यात शिवाजी पार्कवर आचरेकर सरांपुढे पहिली परीक्षा झाली, तेव्हा तो बुजून गेला होता. थोरल्या भावानं, अजित तेंडुलकरांनी, सरांना विनंती केली की तुम्ही गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सर लांब गेले आणि मुलगा खेळायला लागला. पारखणाऱ्यानं उभं कुठं राहायचं, हे मला या प्रसंगानं शिकवलं. त्या दिवशी मीही खुर्ची उचलून उसाच्या बांधाकडे नेली.

बेसबॉलच्या मूळ देशातही हाच पेच पडला होता. मेल ऑट हा सोळा वर्षांचा पोरगा 1925मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या जॉन मॅग्रॉकडे आला. डावखुरा, उंची पाच फूट नऊ इंच, आणि मारताना पुढचा पाय गुडघ्यातून थेट वर. अशा पोरांना शिकायला खालच्या दर्जाच्या संघात पाठवायची तिथं रीत. मॅग्रॉनं त्याला कुठंही पाठवलं नाही. तिथला कुणी शहाणा त्याचा झोका दुरुस्त करायला जाईल आणि बिघडवून ठेवील, ही त्याला धास्ती. त्यानं मुलाला स्वतःच्या शेजारी बाकावर बसवून खेळ दाखवला. ऑटनं पुढे त्याच संघाकडून 511 होमरन मारले. जपानच्या इचिरो सुझुकीचं दैव इतकं सरळ नव्हतं. लंबकासारखा झुलणारा त्याचा पाय पहिल्या व्यवस्थापकाला खपला नाही आणि पोराचे दिवस दुय्यम संघात गेले. 1994मध्ये अकिरा ओगी नवे व्यवस्थापक आले. त्यांनी त्याला आहे तसा रोज खेळवला, आणि 130 सामन्यांच्या त्या हंगामात त्यानं 210 हिट केले. पुढे 2001मध्ये तो अमेरिकेत गेला. तिथले चेंडू आणखी जलद येतात हे दिसल्यावर पायाची ती हालचाल त्यानं स्वतःहून कमी केली. मला या गोष्टीतला हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. त्याला बदलायला लावलं ते चेंडूनं.

अर्थात ही चार नावं सांगताना मला भीतीही वाटते. जे तरले त्यांचीच नावं आपल्याला माहीत असतात. वेडावाकडा झोका घेऊन आलेली आणि पहिल्याच खऱ्या वेगापुढे संपलेली पोरं कुणी मोजलेली नाहीत. वेगळेपणाचं कौतुक करत मुलाला तसाच पुढे ढकलणं हासुद्धा आळसच आहे, आणि त्याची किंमत मूल मोजतं.

दुसरी चूक माझ्या हातून झालेली आहे. फार वर्षांपूर्वी मनगटानं खेळणारी एक मुलगी माझ्याकडे सॉफ्टबॉल शिकायला यायची. मी तिचा कोपर वर केला, पावलं रुंद केली, सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. दोन महिन्यांत तिचा झोका देखणा झाला आणि चेंडू बॅटला लागेनासा झाला. ती यायची थांबली. तिनं तक्रार केली नाही, तिच्या घरच्यांनीही नाही. मला आजही तिचं आधीचं मारणं आठवतं, नंतरचं आठवत नाही.

म्हणून त्या संध्याकाळी मी पायाकडे बघायचं सोडलं. चेंडू लागण्याच्या घडीला डोकं कुठं आहे, तेवढंच बघितलं. डोकं स्थिर होतं. पाय कितीही वर गेला तरी हनुवटी जागची हलत नव्हती, डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईची हलत नाही तशी. पोटाजवळची बॅटसुद्धा पाऊल टेकेपर्यंत खांद्यामागे पोहोचलेली असायची, इतरांची असते तिथंच. म्हणजे सगळं वेगळेपण चेंडू येण्याआधीचं होतं.

एक गोष्ट उरली होती. मी चेंडू टाकणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, ‘हात तितक्याच जोरात फिरव, पण चेंडू तळव्यात खोल धर. हळू जाऊ दे.’ याला ते कळू दिलं नाही.

पहिला संथ चेंडू आला. पाय उचलला, ठेक्यावर टेकला, बॅट फिरून गेली आणि चेंडू मागून आला. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तो जवळजवळ पडलाच. शिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मुलानंही पाहिलं आणि पाय खाली ठेवून उभा राहिला.

‘पाय उचल,’ मी बांधावरून ओरडलो.

चौथा चेंडूही संथच. पाय वर गेला आणि वरच राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाही नसेल. पण तो थांबला. ठेका सोडून चेंडूची वाट बघत एका पायावर उभा राहिला. मग पाऊल टेकलं, आणि चेंडू आमच्या डोक्यांवरून उसात गेला.

मी शिफारसपत्रावर लिहिलं : पाय उचलतो, थांबवता येतो. पाठवावा. वेग वाढला की पुन्हा बघू, तोवर पायाला कुणी हात लावू नये. शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढली.

अंधार पडेपर्यंत आम्ही चौघं उसात चेंडू शोधत होतो. पातीनं हात कापत होते. मुलगा सगळ्यात पुढे होता. एका सरीतून दुसऱ्या सरीत जाताना तो पाय तसाच उंच उचलत होता.

‘सर, सापडला,’ तो आतून म्हणाला. ‘अजून थोडं टाकायचं का?’