आजोबांची गाडी, नातवाची खोली

मुलाची खोली रंगवायची म्हटली की बहुतेक घरांत आधी रंगांचे शेडकार्ड येते, मग सुतार येतो आणि मुलाला विचारले जाते ते सगळ्यांत शेवटी. भोपाळच्या एका मराठी कुटुंबात मात्र हा क्रम उलटा झाला. त्याला कारण ठरले घरात नव्याने राहायला आलेले आजोबा.

आजोबा रेल्वेत गार्ड होते. सारी नोकरी भुसावळला झाली. आजी गेल्यावर मुलाने त्यांना भोपाळला आणले. घर दोन बेडरूमचे, तेव्हा त्यांची सोय आठ वर्षांच्या नातवाच्या खोलीतच करावी लागणार होती. नातू कुरकुरला, ‘‘म्हणजे आता ती माझी खोली नाही?’’ आजोबांनी ते ऐकले. त्यांनी आपली पत्र्याची ट्रंक उघडलीच नाही. चार दिवसांच्या पाहुण्यासारखे ते बैठकीतल्या दिवाणावर झोपू लागले. सुनेला हे खुपत होते, पण कोणाची समजूत कशी घालावी ते कळत नव्हते.

दिवाळीपूर्वी रंगकाम निघाले. नातवाला खोली आगगाडीसारखी हवी होती, राजधानी एक्स्प्रेससारखी लालभडक! सुनेने त्याला आजोबांकडे पिटाळले, ‘‘गाड्यांमधलं त्यांना कळतं. त्यांनाच विचार.’’

त्या संध्याकाळी ट्रंक उघडली. जुने फोटो निघाले. आजोबांच्या उमेदीच्या काळात डबे विटकरी तांबडे असत. १९९०च्या दशकात ते निळे होऊ लागले, खिडक्यांच्या ओळीवर फिकट निळा पट्टा आला. नातवाच्या ओळखीचे लाल एलएचबी डबे त्यानंतरचे. १९३० साली सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला तर डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, लाल कडांचा. दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. हे ऐकताना नातवाचा लालभडक रंगाचा हट्ट जरा सैलावला.

खरे तर चारही भिंती लाल केल्या की लहान खोली आणखी लहान वाटते. डबा तरी सबंध एकाच रंगाचा कुठे असतो? दोघांनी मिळून योजना ठरवली. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत विटकरी तांबडा रंग, त्यावर सायीच्या रंगाचा चार इंची पट्टा, वरची भिंत आणि छत पांढरे. आजोबांचा तांबडा आणि नातवाचा लाल असे एका भिंतीवर जुळले. चादरी व पडदे निळे घेतले. बाबांच्या लहानपणी डबे निळे होऊ लागले होते ना! खालच्या भागाला धुता येणारा इमल्शन रंग लावला, म्हणजे हातांचे डाग ओल्या फडक्याने निघतात. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमहून जास्त नसावे, असा नियम २०१६ साली झाला आहे, तेव्हा डब्यावरची सूचना वाचूनच खरेदी केली.

गाडीच्या आकाराचा तयार पलंग महाग पडतो आणि मूल दोन-तीन वर्षांत त्याला कंटाळते. त्याऐवजी साधा दुमजली पलंग केला, वर भक्कम कठडा लावला. नातवानेच जाहीर केले, ‘‘लोअर बर्थ आजोबांची. सीनियर सिटिझनना खालचीच देतात.’’ आजोबांना रात्री उठावे लागते म्हणून दाराजवळ, जमिनीलगत हिरवा मंद दिवा बसवला.

दारावर स्टेशनसारखी पिवळी पाटी आली, काळ्या अक्षरांची. सुनेने तिच्यावर मुलाचे नाव लिहायला सांगितले होते. नातवाने पेंटरला थांबवून खाली आजोबांचेही नाव घालायला लावले. स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. इथे नातवाची जमिनीपासूनची उंची लिहिली आहे. ती दर वाढदिवसाला आजोबा मोजून बदलतात.

मुलाची खोली सजवताना कोणता रंग, एवढेच पाहिले जाते. त्या रंगाची आठवण घरात कोणाकडे आहे, हेही विचारून पाहावे. त्याला जादा खर्च येत नाही.

दिवाणावरचे अंथरूण केव्हाच उचलले गेले. ट्रंक आता पलंगाच्या पायथ्याशी असते. अर्ध्या भागात आजोबांचे कपडे, अर्ध्यात नातवाचे रूळ आणि इंजिने.