सायकलीवरून रेवस ते रत्नागिरी

कोंकणांत जाणारे बहुतेक प्रवासी आडवे जातात. घाट उतरावा, एखाद्या गांवीं चार दिवस राहावें, देवदर्शन करावें, समुद्र पाहावा आणि आल्या वाटेनें परत फिरावें, असा आपला परिपाठ. १९९८ सालीं पुरी झालेली कोंकण रेल्वे आणि मुंबई-गोवा हमरस्ता हीं दोन्हीं किनाऱ्यापासून आंत राहून जातात. त्यामुळें ज्यांनीं कोंकण अनेक वेळां पाहिलें आहे, त्यांनींही किनारा सलग असा क्वचितच पाहिलेला असतो. तो सलग पाहावा, आणि तोही सायकलीवरून, ही कल्पना माझ्या मुलीची. तिचें वय २९, माझें ६१.

घरांत हा बेत निघाला तेव्हां मातोश्रींनीं प्रथम विचारलें, "बोटींतून किती वेळां जावें लागेल?" प्रश्न सकारण होता. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, ती बातमी त्यांनीं लहानपणीं ऐकलेली. "पांच वेळां," असें सांगतांच त्यांनीं देवापुढें साखर ठेवली आणि परवानगी दिली.

डिसेंबरांतील एका सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून लाँचनें आम्ही रेवसला उतरलों. सामान थोडें: दोन दोन कपडे, पंप, जादा ट्यूबा आणि साखळीस रोज द्यावयाचें तेल, कारण खाऱ्या वाऱ्यापुढें लोखंडाचें कांहीं चालत नाहीं.

या किनाऱ्याची रचना समजल्यावांचून येथील सायकलप्रवास समजणार नाहीं. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या समुद्रास मिळतांना त्यांच्या रुंद खाड्या होतात, आणि दोन खाड्यांच्या मध्यें जांभ्या दगडाचे उंच सडे पाण्यापर्यंत येऊन भिडतात. म्हणून रस्ता फार वेळ सपाट राहत नाहीं. सडा चढावा, पलीकडे नारळी-पोफळींच्या वाडींत उतरावें, कीं पुढें खाडी आडवी. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावें आणि तवसाळहून जयगड, अशा चार ठिकाणीं अनुक्रमें राजापुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या सायकलीसह फेरीबोटीनें ओलांडाव्या लागतात. या बोटीस येथील लोक 'जंगलजेटी' म्हणतात.

पहिल्याच चढावर मुलीनें एक नियम घालून दिला. "बाबा, तुम्ही पुढें, मी मागें." ज्याचा वेग कमी त्यानें पुढें असावें, म्हणजे मागच्यास त्याच्या गतीनें जातां येतें, तो मागें पडला तर पुढच्याला गांठण्याच्या धडपडींत लवकर थकतो, असें तिचें म्हणणें. वडील माणूस पुढें, हा घरचा रिवाज येथें निराळ्याच कारणानें पाळला गेला, आणि मला तो नऊही दिवस सुखाचा झाला.

श्रीवर्धनास, १७१३ सालीं पेशवाईचीं वस्त्रें मिळालेल्या बाळाजी विश्वनाथ भटांचें गांव म्हणून, एक मुक्काम केला. सावित्रीच्या मुखाशीं बाणकोटचा किल्ला. १७५६ सालीं तो इंग्रजांच्या हातीं गेला. केळशीस एका घरीं कुळथाचें पिठलें, भात आणि सोलकढी असें जेवण मिळालें. सडा चढून आलेल्या माणसाला यापरतें पक्वान्न नाहीं. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपति आणि हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग पाहून आम्ही दापोली तालुक्यांतील मुरुडास आलों.

महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण याच गांवीं गेलें. १८७५ सालीं परीक्षेस बसण्यासाठीं ते येथून साताऱ्यापर्यंत पायीं गेले. शंभराहून अधिक मैल, आणि मध्यें सह्याद्रीचा घाट. तेथें पोंचल्यावर, वय सतरा वर्षांहून कमी दिसतें म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. त्याच मुलानें पुढें १९१६ सालीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ स्थापिलें. दिवसभर चढउतार करून आलेल्या आमच्या पायांना त्या मैलांचा अर्थ चांगलाच कळला. "घरच्यांनीं त्यांना जाऊं कसें दिलें असेल?" एवढेंच मुलगी म्हणाली, आणि नंतर बराच वेळ गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशीं दाभोळ. बहामनी काळांतील हें मोठें बंदर १५०८ सालीं पोर्तुगीजांनीं जाळलें. आज तेथें धक्क्यावर जंगलजेटीची वाट पाहणारीं माणसें आणि मोटारी. बोट नुकतीच सुटली होती. थांबणें भाग होतें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें सांगावयास नको कीं, तेथें बापलेकींना एकमेकांशीं एकटें बोलावयास सहसा मिळत नाहीं. आमच्या घरीं अकरा माणसें. तिचा अभ्यास काकूनें घेतला, सायकल चुलत भावानें शिकविली, परीक्षेचे निकाल आजीनें आधीं पाहिले. यांत उणें कांहींच नाहीं. परंतु घरांत शब्द उच्चारला कीं तो सर्वांचा होतो, आणि म्हणून कांहीं शब्द उच्चारलेच जात नाहींत.

"बाबा," ती म्हणाली, "मला नॉर्वेंत, बर्गेनच्या विद्यापीठांत, संशोधनाची जागा मिळाली आहे. पत्र येऊन महिना झाला."

"किती वर्षें?"

"तीन. आजीला काय सांगावें तें सुचत नाहीं. तिचें वय..." तिनें वाक्य पुरें केलें नाहीं.

माझ्याही मनांत तें वाक्य अपुरेंच होतें. मातोश्रींना ८६ वें वर्ष लागलें आहे. त्यांच्यापुढें 'तीन वर्षें' हे शब्द सोपे नव्हेत. मीं विचारलें, "तुला जावयाचें आहे?" तिनें पाण्याकडे पाहत 'हो' म्हटलें.

"तर मग आजीला मी सांगतों. पण तूं शेजारीं बसलेली पाहिजेस."

बोट आली. वाशिष्ठीच्या मध्यावर ती प्रथमच हंसली. "तेथेंही समुद्र असाच डोंगरांत शिरलेला आहे, बाबा. आणि तेथेंही फेरीबोटीच."

पुढें गुहागर, जयगड, गणपतीपुळें करीत नवव्या दिवशीं रत्नागिरी गांठली. घरीं परतल्यावर ठरल्याप्रमाणें मातोश्रींस सांगितलें. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत; सायंकाळीं मात्र त्यांनीं लोंकर आणावयास सांगितली.

ज्यांना हा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत निघावें. चढ उतरून चालण्यांत कमीपणा मानूं नये. आणि दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरांहून अधिकाची हांव धरूं नये. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाच्या योजनेंत खाड्यांवर पूल बांधावयाचे आहेत. त्यामुळें आजाऱ्याला आणि विद्यार्थ्याला वेळेवर पोंचतां येईल, आणि तें इष्टच आहे. तथापि अजून धक्क्यावर अर्धा घटका थांबावें लागतें, तोंवर एकदां तरी आपल्या मोठ्या झालेल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन या वाटेनें जावें. सोळा वर्षांच्या पुत्रास मित्राप्रमाणें वागवावें, असें आपले जुने लोक सांगत आले. कन्येविषयीं त्यांनीं तसें सांगितलें नाहीं. तें आपण आपल्यापुरतें त्यांत घालून घ्यावें.