किल्ली इस्त्रीवाल्याकडे आहे

पुण्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी येणारा पाहुणा थेट घरी कधीच पोचत नाही. आधी तो आमच्या जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याकडे पोचतो. इस्त्रीवाला त्याला मजला सांगतो, आणि वर "आत्ता नका जाऊ, काका जेवून आडवे झालेत," हेही सांगतो.

एक टेबल, एक जाड चादर आणि कोळशाची इस्त्री, एवढंच त्याचं भांडवल. पण आळीचा सगळा कारभार तिथून चालतो. कामवाल्या बाईंचे निरोप, कुरिअरची पाकिटं, सहा घरांच्या किल्ल्या सगळं टेबलाखालच्या डब्यात. शाळेतून लवकर सुटलेलं पोर तेवढं टेबलाशेजारच्या स्टुलावर.

मी निवृत्त झालो ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण आठवड्याचे सहा शर्ट दोनावर आले आणि हा म्हणाला, "काका, सुटलात वाटतं!" जणू येरवड्याहूनच सुटलो होतो.

जेन जेकब्स नावाच्या बाईंनी १९६१ साली अमेरिकेतल्या शहरांवर एक पुस्तक लिहिलं. न्यूयॉर्कमधले लोक पाहुण्यांसाठी घराची किल्ली जवळच्या दुकानदाराकडे ठेवतात आणि अशा माणसांची नजर असते म्हणून रस्ता सुरक्षित राहतो, असं त्यात आहे. मी हे मोठ्या कौतुकाने घरात सांगितलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "त्यात नवीन काय? आपली किल्ली कुठे असते?"

गेल्या पावसाळ्यात त्याने माझा चांगला शर्ट जाळला. मी जिन्यातच त्याच्यावर तोंडसुख घेतलं. तो गप्प. मग स्टुलाकडे लक्ष गेलं. तिथे माझी पंच्याऐंशी वर्षांची आई चहा पीत बसली होती. आम्ही बाहेर असताना "माहेरी जाते" म्हणून ती अनवाणीच निघाली होती. हा हातातलं काम टाकून धावला आणि "आजी, रिक्षा येईतो बसा," म्हणत त्याने तिला दोन तास बसवून ठेवलं. इस्त्री तेवढी शर्टावरच राहिली. शर्टाचे पैसे मात्र तो हिशेबातून वजा करायला निघाला होता. मी कसाबसा थांबवला.

आता आमची इमारत पाडून नवी बांधायची ठरली आहे. सभेत नकाशा फिरला. लॉबी आहे, व्यायामशाळा आहे, बारा कॅमेरे आहेत. जिन्याखाली मीटरची खोली आहे. टेबलाचं कुणी विचारलं नाही. मीही नाही. सही तेवढी केली.

रात्री झोप येईना. त्या कॅमेऱ्यांना आई जाताना नक्की दिसली असती. पण त्यांतल्या एकाने तरी तिला चहा पाजला असता का?

पुढच्या सभेत मी उठून बोलणार आहे. तसं घरात जाहीरही केलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "आधी शर्ट खाली देऊन या. चुरगळलेल्या माणसाचं सभेत कोण ऐकतं?"